बंदचा रविवार

ॲल्डर्न ग्रोव्ह ही गल्ली लंडनच्या नकाशावर शोधली तर सापडते, पण तिच्यासमोरून वर्षानुवर्षं बसने जाणाऱ्यालाही ती दिसत नाही. हमरस्त्यावर एक औषधांचं दुकान, एक चाव्या करून देणारा, आणि दोघांच्या मधे विटांची कमान. कमानीत लोखंडी फाटक. आत चौदा पांढरी घरं, आणि इतकी शांतता की स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकून माणसाला उगाच ओशाळल्यासारखं व्हावं. बाहेर 'खाजगी रस्ता' अशी पाटी नाही. पूर्वी होती. कमिटीनेच ती उतरवली, कारण पाटीमुळे म्हणे गल्लीला हॉटेलाची कळा येते. ज्यांना कळायचं त्यांना पाटीवाचून कळतं, असं तेव्हाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या होत्या. पाटीचे स्क्रू क्लेमंट गिटन्सने स्वतःच्या हाताने काढले, आणि भोकंही त्यानेच बुजवली.

क्लेमंट तिथला दरवान. बार्बाडोसहून आईच्या कडेवर आलेला, आता पासष्टीचा. गुडघे कामातून गेलेले, पण त्याच्या शर्टाची इस्त्री मोडलेली कुणी पाहिली नव्हती. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकदाही फाटक उघडायला उशीर केला नाही, आणि हे तो कुणी न विचारता सांगायचा. फाटकाला खेटून दोन खोल्यांचं घर होतं, नोकरीबरोबर मिळालेलं. त्या घरात त्याने मॅव्हिसला लग्न करून आणलं, आणि सहा वर्षांपूर्वी तिथल्याच मागच्या खोलीत ती गेली. तिचा कोट अजून दारामागे टांगलेला होता.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीत एक छोटं दार आहे. त्याच्या पलीकडे मार्लपिट, म्हणजे कौन्सिलने, तिथल्या पालिकेने, बांधलेल्या सहा जुन्या इमारती. तिथली माणसं दिवसभर या दारातून शिरायची, गल्ली ओलांडायची आणि कमानीतून हमरस्त्याला लागायची. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं या बाजूला. हा रस्ता नसेल तर रेल्वेच्या पुलावरून वळसा. पुलाला बेचाळीस पायऱ्या, आणि लिफ्ट बसवण्याची गोष्ट लोक आपल्या लहानपणापासून ऐकत आलेले. मॅव्हिस मार्लपिटचीच. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाताना ती रोज सकाळी सव्वासातला फाटकातून जायची, आणि तिला नीट बघता यावं म्हणून क्लेमंट कमान झाडायची वेळ सव्वासातची करून बसला होता. आता कमान एवढी कशाला झाडावी लागते, हे तिने तिसऱ्याच आठवड्यात त्याला तोंडावर विचारलं.

येणाऱ्या-जाणाऱ्याला क्लेमंट एकच प्रश्न करायचा, "कुठे निघालात?" अडवायचा नाही. नुसतं विचारायचा, म्हणजे आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे एवढं माणसाला कळावं. बहुतेक जण काहीतरी पुटपुटून पुढे जायचे. ऊना टियर्नी मात्र मान वर करून एकच उत्तर द्यायची, "आरपार." ऊना मॅव्हिसची मैत्रीण, शहात्तर वर्षांची, आयरिश आणि जिभेने तिखट. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी ती डायलिसिसला जायची, दोन काठ्या टेकत. रोज तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर, अशी दोघांची वीस-बावीस वर्षं निघाली होती.

गेल्या वर्षी कमिटीने ठरवलं की आता हे पुरे. भिंतीतलं दार बुजवायचं आणि फाटकाला आकड्यांचं कुलूप बसवायचं. गल्लीत एक सायकल चोरीला गेली होती, तेवढं निमित्त झालं. मार्लपिटच्या लोकांनी हातपाय गाळले नाहीत. त्यांनी कौन्सिलकडे अर्ज केला की वीस वर्षं आम्ही इथून विनाअडथळा चालतोय, ही आमची वहिवाट आहे. कायदा असा की वीस वर्षं सलग कुणी अडवलं नाही तर रस्ता सगळ्यांचा होतो. आणि याच कायद्यापायी लंडनच्या असल्या गल्ल्या वर्षातला एक दिवस आपलं फाटक लावून घेतात. एक दिवस अडवलं की वीस वर्षांची मोजणी तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

ॲल्डर्न ग्रोव्हमध्ये तो दिवस म्हणजे नोव्हेंबरचा पहिला रविवार. मेजर ट्रुस्कॉट सेक्रेटरी होते तोवर या बंदच्या रविवाराची काय ऐट असायची! सकाळी सहाला क्लेमंट फाटकाला आडणा, म्हणजे आडवा दांडा, घालायचा, मेजर पायजम्यावर ओव्हरकोट चढवून यायचे, बंद फाटकाचे फोटो काढायचे, आणि क्लेमंट वहीत लिहायचा, 'सहा ते सहा बंद.' त्याखाली फोटो चिकटवायचा. मेजर म्हातारे होऊन मुलीकडे राहायला गेले, आणि पहिल्याच वर्षी, २००३ साली, नेमक्या त्या रविवारी नव्या अध्यक्षीणबाईंकडे जेवणावळ निघाली. क्लेमंटने फाटक उघडलं नाही. नियम म्हणजे नियम. तीस पाहुणे चाव्यावाल्याच्या दुकानासमोर छत्र्या धरून उभे राहिले आणि जेवण गार झालं. पुढच्याच आठवड्यात ठराव झाला, बंदचा रविवार बंद. आता बोला. ज्या फाटकावर यांची सगळी मालकी टिकून होती ते यांनी जेवणासाठी उघडं टाकलं, आणि वर दरवानालाच चार शब्द सुनावले.

म्हणजे २००३ नंतर वीस वर्षं फाटक दिवसाचं एकदाही बंद राहिलं नाही. एक अपवाद सोडून. २०११ साली नव्वदीतल्या मेजरांचं पत्र आलं, तुम्ही रविवार पाळताय ना? कमिटी घाबरली, त्या वर्षापुरता बंदचा हुकूम निघाला, आणि मग सगळे पुन्हा विसरले. त्या वर्षी क्लेमंट हृदयविकाराचा झटका येऊन इस्पितळात पडला होता. फाटक मॅव्हिसने सांभाळलं. संध्याकाळी ती खाटेजवळ बसली आणि म्हणाली की रविवार झाला बरं का, वहीत लिहिलंय, आता निवांत झोप.

सगळी मदार त्या एका रविवारावर आली होती.

जानेवारीत कमिटीच्या अध्यक्षा इमोजेन सेल्विनबाई स्वतः क्लेमंटच्या घरी आल्या. एकतीस वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत कुणी रहिवासी आला नव्हता, त्यामुळे त्यांना बसायला काय द्यावं हेच त्याला सुचेना. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मॅव्हिसची आठवण काढली, फक्त नाव मेरी असं घेतलं. मग मुद्द्यावर आल्या. मार्चअखेर क्लेमंट निवृत्त होणार. रीतीप्रमाणे घर सोडावं लागणार. पण कमिटीला वाटतं की त्याने ते सोडू नये, मरेपर्यंत तिथेच राहावं, तसं लिहूनही देता येईल. अर्थात गल्ली आपली राहिली तर. फाटकच राहिलं नाही तर फाटकाशेजारच्या घराचं कमिटी तरी काय करणार? वकील अपजॉन यांना फक्त ती जुनी वही हवी होती आणि एक सही, की हे अक्षर माझ्या बायकोचं आहे. बस, एवढंच.

क्लेमंट हो म्हणाला. न म्हणायला काय झालं? अक्षर तिचंच होतं, काम तिनेच केलं होतं, आणि त्याला जायला दुसरी जागा नव्हती. मूलबाळ नाही, एक बहीण होती ती टोरांटोला. कौन्सिलकडे नाव घातलं तर शहराच्या कुठल्या टोकाला खोली देतील याचा नेम नाही. आणि मागची खोली सोडून जायचं हा विचार तो पुरा करायचाच नाही. रात्री दिवा मालवताना तो अजून मॅव्हिसला सांगून मालवायचा.

मंगळवारी ऊना काठ्या टेकत आली तेव्हा त्याने रोजचा प्रश्न केला नाही. तीच थांबली. तिच्या कानावर आलं होतं.

"ऐकलंय की तू आमच्याविरुद्ध सही देणार," ती म्हणाली.

"कुणाच्या विरुद्ध नाही. जे झालं ते झालं म्हणून देतोय. दोन हजार अकराला फाटक बंद होतं."

"नव्हतं."

"ऊना, वहीत आहे."

"वहीत असेल. मी त्या दिवशी इथून गेले. तुझ्याच घरात बसून चहा प्यायले. मॅव्हिसने आल्याचा केक कापला होता, आणि तो तळाला करपला होता, एवढं मला आठवतंय."

क्लेमंटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तिला खोटारडी म्हणाला. पायऱ्या चढायच्या जिवावर आल्यात म्हणून मेलेल्या बाईला मधे ओढतेस, असंही बोलला, आणि बोलल्याबरोबर त्याला वाईट वाटलं, पण शब्द गेला होता. ऊना वळली. काठ्या सावरून कमानीतून निघून गेली. ऊना काही न बोलता गेली असं आजवर कधी झालं नव्हतं.

दुपारी त्याने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. वह्या सुतळीने बांधलेल्या होत्या. मॅव्हिसची वही त्याने तेरा वर्षांत उघडली नव्हती. आपल्या माणसाने काम केलं म्हटल्यावर मागाहून तपासत कोण बसतो? पान सापडलं. तिचं गोल, उजवीकडे झुकलेलं अक्षर. '६ नोव्हेंबर २०११. सहा ते सहा बंद. कुणी आलं नाही.' खाली फोटो. फाटक लावलेलं, आडणा घातलेला, सगळं जिथल्या तिथे. क्लेमंटचा जीव भांड्यात पडला. हे नेऊन ऊनाच्या नाकासमोर धरतो, असं म्हणत तो वही घेऊन खिडकीशी उजेडात गेला.

फोटोतलं फाटक काळं होतं.

तो तिथेच स्टुलावर बसला. फाटक काळं असणं शक्य नव्हतं. २०११ च्या जूनमध्ये त्याने स्वतः ते खरवडून, पॉलिशपेपर मारून रंगवलं होतं, आणि रंगवलं होतं हिरवं. कमिटीने सांगितलं होतं की होतं तसंच रंगव. पण दुकानातला काळा रंग संपला होता, आणि मॅव्हिस म्हणाली, हिरवा लाव, बाटलीच्या काचेसारखा, छान दिसेल. तो म्हणाला, वेड लागलंय का तुला, पहिल्याच दिवशी बोंब होईल. ती म्हणाली, लाव पैज, कुणी म्हणजे कुणी विचारणार नाही. महिनाभरात एकानेही विचारलं तर ती वर्षभर त्याचे बूट पुसणार होती. नाही विचारलं तर वर्षभर रविवारचा स्वयंपाक त्याने करायचा. दिवसा फाटकाच्या फळ्या कमानीच्या खाचेत दुमडलेल्या, रात्री गाडीतूनच बटण दाबून उघडायचं. कोण बघतोय! महिना गेला, वर्ष गेलं. क्लेमंट दर रविवारी मक्याच्या पिठाचा गोळा घोटत बसला आणि मासे तळत बसला, आणि ती टेबलाशी बसून मीठ कमी आहे म्हणून खोडी काढायची.

तर हा फोटो मेजरांच्या काळातला. मेजर एकाला चार फोटो काढायचे, त्यातले उरलेले याच पेटीत बिस्किटाच्या डब्यात पडून असायचे. तिने त्यातला एक उचलून चिकटवला होता. ऊना खरं बोलत होती.

आधी त्याला राग आला तो मॅव्हिसचाच. एकतीस वर्षांत त्याने कमावलेलं काय होतं? पगार तर येऊन गेला. राहिलं होतं ते एवढंच, की गिटन्सने बंद म्हटलं म्हणजे बंद. आणि घरच्या बाईनेच त्याच्या वहीत खोटं लिहावं, वर त्याच्या उशाशी बसून झोप म्हणावं! तो कोटाकडे बघून मोठ्याने म्हणाला, "मला सांगायचं तरी होतंस." 

मग हळूहळू दुसरा विचार आला, आणि तो जास्त वाईट होता. हे कुणाला कळणार आहे? वकिलाला नाही. सेल्विनबाईंना नाही. वही द्यायची, सही करायची. अक्षर मॅव्हिसचं आहे, हे तर शंभर टक्के खरं. फोटो कधीचा असं कुणी विचारलंच नाही, तर त्यात आपण खोटं काय बोललो? घर राहील, कोट राहील. दोन दिवस तो हाच विचार उलटसुलट करत राहिला, आणि प्रत्येक वेळी तो बरोबरच निघायचा, तरी त्याला जेवण जाईना.

गुरुवारी ऊना आली नाही. शनिवारीही आली नाही. रस्ता बंद व्हायच्या आधीच तिने पुलावरून वळसा घ्यायला सुरुवात केली होती. क्लेमंट टोपी घालून पुलाकडे गेला तेव्हा ती पायऱ्यांच्या मध्यावर कठड्याला धरून उभी होती, श्वास लागलेला. तो खालीच थांबला. वर चढून मदत करायला जावं तर स्वतःचे गुडघे असले. शेवटी तो कठडा धरून वर चढला, आणि दोघं कशीबशी एका पायरीवर टेकली. त्याने माफी मागितली आणि सरळ विचारलं की मॅव्हिसने असं का केलं.

ऊनाने सांगितलं. मॅव्हिसने सहाला आडणा घातला होता, अगदी हुकमाप्रमाणे. भिंतीतल्या दाराची कडीही लावली होती. सातच्या सुमाराला त्या दारावर काठीची ठकठक. बाहेर तिची आई, ऐंशी वर्षांची, हातात सुपाचं भांडं. जावई इस्पितळात पडलाय, त्याला पोचवायचं म्हणून पहाटे उठून केलेलं. मॅव्हिसने आतून सांगितलं की आई, आज बंद आहे, पुलावरून जा.  आई भांडं घेऊन वळली आणि पुलाकडे चालायला लागली.

"वीसएक पावलं गेली असेल," ऊना म्हणाली. "मग मॅव्हिसने कडी काढली. आईला आत घेतलं म्हटल्यावर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने अडवणार? फाटकच उघडून टाकलं तिने. दिवसभर आम्ही ये-जा करत होतो आणि ती केक कापत होती."

"माझ्यापासून तेरा वर्षं लपवलं."

"लपवलं कुठे? मी तिला म्हटलं होतं, अगं फोटोतलं फाटक काळं आहे, त्याला लगेच कळेल. तर म्हणाली, त्यालाच कळेल, बाकी कुणाला नाही. त्याने उघडून बघितलं तर सांगेन सगळं." ऊनाने काठी दुसऱ्या हातात घेतली. "तू बघितलंच नाहीस बाबा."

तिला उठवून पुलापलीकडे पोचवायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली.

बैठक फेब्रुवारीत, सकाळी अकराला, नऊ नंबरच्या घरी सेल्विनबाईंच्या दिवाणखान्यात झाली. कमिटीची पाच माणसं आणि वकील अपजॉन. अपजॉन बारीक आवाजाचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी क्लेमंटला खुर्ची दिली, वही उलटून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. आधी त्यांनी एक खडा टाकून पाहिला, तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कुठे निघालात' असं विचारत होतात म्हणे, म्हणजे परवानगी देऊनच सोडत होतात ना, मग वहिवाट कसली? क्लेमंट म्हणाला की नाही, मी ते थंडी किती पडलीय म्हणावं तसं विचारायचो, नाही म्हणण्याचा मला अधिकारच नव्हता. अपजॉननी तो विषय सोडला आणि सहीचा कागद पुढे सरकवला. अक्षर तुमच्या पत्नीचं?

"हो, तिचंच."

"आणि फोटो त्याच दिवशीचा."

क्लेमंटने पेन हातात घेतलं होतं. ते त्याने खाली ठेवलं. मग सगळ्यांकडे बघून विचारलं, "फाटकाचा रंग कोणता आहे?"

कुणाला कळेना. सेल्विनबाई हसून म्हणाल्या की काळा, अर्थात, फोटोत आहेच की. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, काळाच, पहिल्यापासून काळा. तिसऱ्या बाई खिडकीकडे वळल्या, पण तिथून फाटक दिसत नाही. अपजॉननी मात्र फोटो पुन्हा निरखून पाहिला. धंद्याने माणूस शहाणा होतो. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले की आपण जरा जाऊन बघू या का.

सगळे गेले. दीडशे पावलं. सेल्विनबाई घरातल्या सपातांवरच. क्लेमंटने खाचेतून फाटकाची एक फळी ओढून बाहेर काढली, आणि सात माणसं त्या थंडीत तिच्यासमोर उभी राहिली. चाव्यावाला दुकानातून मान काढून बघू लागला. हिरवं फाटक, कडांना थोडं उडालेलं, पण हिरवंच. अपजॉननी त्याला बोट लावून पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, कधीपासून?

"जून दोन हजार अकरा. मीच रंगवलं. फोटो त्याच्या आधीचा आहे. त्या रविवारी फाटक उघडं होतं, मी आता चौकशी केली आहे. कौन्सिलने विचारलं तर मी हेच सांगणार."

 मग सेल्विनबाई म्हणाल्या, आणि रागापेक्षा त्यांच्या आवाजात खरंच न समजणं जास्त होतं, "क्लेमंट, असं का केलंत? आम्ही तुम्हाला घर देत होतो."

"मॅडम, तेरा वर्षं मी वाट बघितली, कुणीतरी विचारेल म्हणून," क्लेमंट म्हणाला. "मी पैज हरलो." आणि फळी परत खाचेत सरकवून तो घरात गेला.

मार्चच्या शेवटच्या दिवशी त्याने किल्ल्या दिल्या. निरोपाला केक वगैरे काही झालं नाही. मे महिन्यात अपजॉननी हात टेकले आणि कमिटीने वहिवाट मान्य केली. कौन्सिलने क्लेमंटला एका म्हाताऱ्यांच्या इमारतीत खोली दिली, दोन बस बदलून जावं लागतं इतकी लांब. खोली बरी आहे. दारामागे खुंटी नव्हती, ती त्याने ठोकून घेतली आणि कोट टांगला. पण पहिले काही महिने तो रात्री दिवा मालवताना गप्पच असायचा. या खोलीची तिला सवय नाही, असं त्याला वाटायचं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो दोन बस बदलून मार्लपिटला उतरला. ऊनाकडे चहा घेतला, आणि तिथून निघून भिंतीतल्या छोट्या दाराने गल्लीत शिरला. एकतीस वर्षांत तो या बाजूने कधी चालत आला नव्हता. त्याची जागा फाटकापाशी होती. लोक त्याच्याकडे चालत यायचे, सासूबाईसुद्धा. आता कळलं की या दारातून पाऊल टाकलं की सरळ समोर, गल्लीच्या त्या टोकाला, त्याच्या जुन्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. म्हणजे मॅव्हिस रोज सकाळी सव्वासातला इथून शिरायची तेव्हा तिला आधी खिडकीत तो दिसत असणार, घाईघाईने केस विंचरताना, आणि मग झाडू घेऊन बाहेर पळताना. कमान झाडण्याचं सोंग तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती गप्प राहिली, एवढंच. क्लेमंटला हसू आलं, आणि मग डोळे भरून आले. ते पुसायला त्याला थांबावं लागलं.

खिडकीला आता आतून पुठ्ठे लावले होते. घरात पार्सलं ठेवतात. फाटक नव्याने रंगवलं होतं, काळं. कमानीखाली सुरक्षा कंपनीचा एक माणूस उभा होता, तिशीतला, कोट अंगाला मोठा होणारा. अडवण्याचा अधिकार त्याला नव्हता, पण उभं केलंय तर काहीतरी विचारायला हवं, म्हणून त्याने विचारलं,

"कुठे निघालात, साहेब?"

क्लेमंटने टोपी नीट केली.

"आरपार," तो म्हणाला, आणि कमानीतून बाहेर पडून बसच्या थांब्याकडे गेला.